अमेरिकेतल्या ग्रोसरी स्टोअरमध्ये १२ डॉलरच्या आत चांगली रेड वाइन कशी निवडावी?

तुम्ही नुकतेच टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहायला आला आहात, पुण्यात असताना अधूनमधून नाशिकची रेड वाइन घेत होतात, आणि इथल्या ग्रोसरीत १२ डॉलरच्या आत नेमके काय उचलावे असे तुम्ही विचारले आहे. गोंधळ होणे साहजिक आहे. महाराष्ट्रात जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता ते आठवत असेलच. इथे मात्र दूध-अंड्यांच्या पलीकडच्याच रांगेत शेकडो बाटल्या उभ्या असतात आणि विचारायला बहुधा कोणी नसते. मी बरीच वर्षे कॅलिफोर्नियात राहतो आणि जेवणासोबतची वाइन ग्रोसरीतूनच आणतो, त्यामुळे मी स्वतः जे पाळतो तेच लिहितो.

सर्वांत आधी प्रसिद्ध गावांच्या नावांचा मोह सोडावा. त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. कॅलिफोर्नियातल्या नामांकित नापा व्हॅलीतल्या कॅबरने सोव्हिन्यो द्राक्षांचा सरासरी भाव अलीकडच्या वर्षांत टनाला ८,००० डॉलरच्या वर आहे आणि एका टनातून साधारण ७०० बाटल्या निघतात, म्हणजे एका बाटलीत नुसती द्राक्षेच ११ डॉलरहून अधिक किमतीची असतात. त्यावर काच, बूच, मजुरी, कर, वितरक आणि दुकानदाराचा नफा चढला, की १२ डॉलरमध्ये त्या नावाची वाइन सहसा का मिळत नाही ते कळते. देवगडच्या आंब्याच्या पेटीत आंब्याइतकेच देवगडच्या नावाचेही पैसे मोजावे लागतात, तसाच हा प्रकार आहे. कॅलिफोर्नियाचीच वाइन हवी असेल, तर लोडाय भागातली झिनफँडेल द्राक्षाची किंवा पासो रोबल्स भागातली एखादी बाटली पाहावी.

दुसरा खर्च वाइन मुरवायच्या ओक लाकडाच्या पिंपांचा. फ्रेंच ओकचे २२५ लिटरचे नवे पिंप हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून महाग पडते आणि त्यात ३०० बाटल्यांची वाइन मावते. म्हणजे बाटलीमागे तीन डॉलरहून अधिक रक्कम केवळ लाकडाची झाली. म्हणूनच स्वस्त बाटलीच्या लेबलवर व्हॅनिला आणि टोस्टच्या गंधाचे वर्णन दिसले, तर तो गंध बहुतेक वेळा पिंपाचा नसून टाकीत बुडवलेल्या ओकच्या फळ्यांचा किंवा चुऱ्याचा असतो. त्यात बेकायदा किंवा अपायकारक काही नाही, पण त्या सोंगासाठी पैसे का मोजावेत? ज्या द्राक्षांना लाकडाची गरजच नाही, ती जिथे जमीन स्वस्त आहे अशा भागात पिकवलेली असतील, तर १२ डॉलरमधला मोठा वाटा खरोखर वाइनवर खर्च झालेला असतो.

माझ्या मते या बाबतीत स्पेनच्या तोडीचे दुसरे कोणी नाही. कालातायुद आणि कांपो दे बोर्हा या भागांतली गार्नाचा द्राक्षाची आणि हुमिया भागातली मोनास्त्रेल द्राक्षाची वाइन कोरड्या, कमी पावसाच्या जमिनीतल्या वेलींची असते, बऱ्याचदा त्या वेली जुन्या असतात, आणि तरीही ती आठ ते बारा डॉलरच्या दरम्यान सापडते. पिंपाची चव आवडत असेल तर स्पेनच्याच रिओहा भागातली वाइन घ्यावी आणि बाटलीवर 'क्रियांसा' असे लिहिले आहे का ते पाहावे. या दर्जासाठी वाइन किमान दोन वर्षे मुरवावी लागते आणि त्यातले किमान एक वर्ष ती ओकच्या पिंपात असावी लागते, असा तिथला नियमच आहे. फ्रान्सची कोत द्यु रोन, पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातल्या वाइन आणि अर्जेंटिनाच्या मेंडोसा भागातली माल्बेक द्राक्षाची वाइन याही सहसा निराश करत नाहीत. इटलीची मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो स्वस्त आणि जेवणाला उत्तम आहे, मात्र शेजारीच ठेवलेली दुप्पट किमतीची व्हिनो नोबिले दी मोंतेपुल्चानो म्हणजे हिचीच वरची आवृत्ती असे समजू नये. पहिलीत मोंतेपुल्चानो हे द्राक्षाचे नाव आहे, तर दुसरीत ते इटलीच्या तोस्काना प्रांतातल्या गावाचे नाव असून तिथे मुख्यतः सांजोव्हेजे द्राक्ष वापरतात. चिलीची कार्मेनेर द्राक्षाची वाइनही घेऊन पाहण्यासारखी आहे. १९९४ मध्ये फ्रेंच तज्ज्ञ ज्याँ-मिशेल बूर्सिको यांनी ओळखेपर्यंत चिलीत ती मेर्लो या दुसऱ्या द्राक्षाच्या नावानेच खपत होती.

पिनो न्वार मात्र या किमतीत घेऊ नये. ते द्राक्ष नाजूक असते, त्याची साल पातळ असते आणि ते स्वस्तात चांगले पिकत नाही. शिवाय अमेरिकी नियमानुसार लेबलवर द्राक्षाचे नाव छापायला त्या द्राक्षाचे प्रमाण ७५ टक्के असले तरी पुरते, त्यामुळे दहा डॉलरची पिनो संशय यावा इतकी गडद दिसली, तर उरलेल्या २५ टक्क्यांत एखादे गडद द्राक्ष असावे असा अंदाज करता येतो.

बाटली फिरवून मागचे लेबल वाचण्याची सवय लावून घ्यावी. 'प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय' असे असेल, तर त्या कंपनीने किमान ७५ टक्के वाइन स्वतः आंबवलेली असते; 'सेलर्ड' किंवा 'व्हिंटेड' हे शब्द असतील, तर दुसऱ्याकडून तयार वाइन आणून नुसती बाटलीत भरलेली असू शकते. आयात वाइनवर आयातदाराचे नाव असते आणि माझ्या अनुभवात ते पुढच्या चित्रापेक्षा जास्त कामाला येते. स्पॅनिश बाटलीवर होर्खे ओर्दोन्येझ किंवा एरिक सॉलोमन आणि फ्रेंच बाटलीवर कर्मिट लिंच हे नाव दिसले, तर मी फारसा विचार करत नाही. साखरेचे प्रमाण लेबलवर देणे बंधनकारक नाही. 'रेड ब्लेंड' या नावाखाली मखमल, जॅम, चॉकलेट अशी वर्णने असली की वाइन गोडसर निघण्याची शक्यता बरीच असते.

समीक्षकांनी शंभरपैकी दिलेल्या '९० गुण' अशा शेल्फवर टांगलेल्या चिठ्ठ्यांबाबत एवढेच सांगतो, की चिठ्ठीवरचे साल आणि बाटलीवरचे साल, म्हणजे द्राक्षांच्या तोडणीचे वर्ष, जुळते का ते पाहावे; पुष्कळदा गुण एका सालच्या वाइनला मिळालेले असतात आणि खाली दुसऱ्याच सालची बाटली उभी असते. या किमतीची रेड वाइन मुरवून ठेवण्यासाठी नसते, म्हणून आधीच मुरवलेली क्रियांसा सोडली, तर दोन-तीन वर्षांपूर्वीच्या सालापर्यंतचीच घ्यावी. दिव्याच्या अगदी जवळ तापलेली किंवा बूच वर सरकलेली बाटली घेऊ नये. फिरकीच्या झाकणाला नाक मुरडण्याचे कारण नाही. अनेक दुकाने सहा बाटल्या एकत्र घेतल्यास १० टक्के सूट देतात आणि त्या सहा वेगवेगळ्या असल्या तरी चालतात. नवख्या माणसाने याचा फायदा जरूर घ्यावा. टेक्सासमध्ये रविवारी सकाळी १० च्या आधी ग्रोसरीत वाइन विकत नाहीत, आणि तिथल्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तासभर राहिलेली बाटली चवीला शिजल्यासारखी लागते, तेव्हा वाइन सगळ्या खरेदीच्या शेवटी घेऊन थेट घरी न्यावी.

तुम्ही घरी मराठी स्वयंपाक करता असे लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट जोडतो. तिखटामुळे अल्कोहोलचा जाळ आणि टॅनिनचा (द्राक्षाच्या सालीतल्या द्रव्याचा) तुरटपणा दोन्ही अधिक जाणवतात, त्यामुळे मटणाच्या तांबड्या रश्शासोबत कॅबरने कितीही चांगली असली तरी कडवट लागते. अशा वेळी साधी, ओक नसलेली गार्नाचा वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून प्यावी. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्येच ठेवली, तर दोन-तीन दिवस सहज टिकते.