कोरियन विद्यार्थ्याला ‘इन्क्रेज्युलस’ शिकवताना

या इंग्रजी शब्दाचा (incredulous) अर्थ सांगताना कोरियनमधलं ‘मिदुल सू ऑम्नुन’ म्हणू नका. ते ‘विश्वास बसणार नाही असं’, म्हणजे ‘इन्क्रेडिबल’, बातमीला लागतं. ‘इन्क्रेज्युलस’ माणसाला, नजरेला, आवाजाला लागतं. त्यासाठी ‘मित्जी आन्नुन’, म्हणजे विश्वास न ठेवणारा, हे जवळचं. ‘इन्क्रेज्युलस न्यूज’ ही चूक इथूनच येते. दोन्ही शब्द एकाच वाक्यात द्या: बातमी इन्क्रेडिबल, ऐकणारा इन्क्रेज्युलस.

उच्चाराला खरा वेळ द्या. इंग्रजीत अवयव, म्हणजे उच्चाराचे तुकडे, चार; आघात ‘क्रे’वर. कोरियन लिपीत तेच सहा होतात: इन-कु-रे-जुल-लॉ-सु. जोडाक्षरात आणि शेवटी जादा स्वर शिरतो. आधी नुसतं ‘क्रे’ दहादा म्हणवून घ्या, मग ‘लस’, शेवटचा ‘स’ स्वराशिवाय. र-ल त्यांच्याकडे एकाच अक्षरात; आपल्याला फरक उपजत असल्याने त्यांची अडचण सहज नजरेतून सुटते.