पुन्हा नीट देऊ का, मॅडम?

प्रश्न : मॅडम, मी पिंपळगाव बसवंतची. दोन वर्षं नाशिकला कॉलेज रोडच्या मागे खोली करून राहिले, क्लासही तिथलाच. 2025 च्या 4 मेला नीट (एमबीबीएसच्या प्रवेशाची परीक्षा) दिली, 14 जूनला निकाल लागला. 720 पैकी 420 पडले. बायोलॉजीत 280, केमिस्ट्रीत 93, फिजिक्समध्ये 47. उत्तरतालिका लावून मोजलं तर फिजिक्सचे 38 सोडवले होते, त्यातले 21 चुकले. केमिस्ट्रीत 15 चुकले, बायोलॉजीत 16. बारावीला 78 टक्के आहेत. आम्ही ओपनमध्ये येतो. क्लासचे सर म्हणतात, रिपीटर बॅचला ये, 550 कुठे जात नाहीत. बाबा म्हणतात, चाळीतला कांदा विकतो आणि फी भरतो, तू काळजी करू नको. आई काहीच बोलत नाही. मैत्रीण बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीला जाणार आहे. तिच्याबरोबर फॉर्म भरू की ड्रॉप घेऊन एक वर्ष पुन्हा तयारी करू? आणि पुढच्या वर्षी परत एवढेच पडले तर?
— एक विद्यार्थिनी, ता. निफाड

उत्तर : 550 कुठे जात नाहीत म्हणणाऱ्या सरांनी तुझी ओएमआर शीट (गोळे भरलेली उत्तरपत्रिका) उघडून पाहिली होती का गं? मी 29 वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. निकालाच्या आठवड्यात शिक्षकांच्या तोंडून जे आकडे निघतात त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. त्यात मीही आले.

गल्लीतल्या ताईचे गेल्या वर्षीचे मार्क डोक्यातून आधी काढून टाक. 2024 ला सुरुवातीला 67 जणांना पैकीच्या पैकी पडले होते, सुधारित निकालात ते 17 झाले. यंदा, 2025 ला, देशात पहिल्या आलेल्याला 686 आहेत. ओपनचं पात्रतेचं मार्क गेल्या वर्षी 162 होतं, यंदा 144. पेपर अवघड निघाला की सगळ्यांचेच मार्क खाली येतात. म्हणून स्कोअरकार्डवर रँक छापलेली असते ती बघ. तू पत्रात ती लिहिलीच नाहीस! ॲडमिशनवाले तीच बघणार आहेत.

आता तुझे चुकलेले प्रश्न. 21, 15 आणि 16 मिळून झाले 52. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक मार्क कापतात, म्हणजे 52 मार्क तू हाताने परत दिलेस. हे सगळे गोळे कोरे सोडले असतेस तरी 472 झाले असते, एक अक्षर जास्त न वाचता. फिजिक्समध्ये बरोबरपेक्षा चूक जास्त आहेत, 17 ला 21. इतकं चुकतं ते एकतर धांदलीने, नाहीतर तुक्के मारून, नाहीतर मुळात येत नसतं म्हणून. तुझं यातलं कोणतं, ते पत्रावरून कळत नाही. तुलाही अजून माहीत नसावं.

येत्या रविवारी दुपारी ते 21 प्रश्न घेऊन बस. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेव, मोबाईल आईकडे दे. प्रत्येक प्रश्नाला एक पाठकोरा कागद. दिलेल्या राशी आधी लिही, सेंटिमीटरचे मीटर कर, आकृती काढ. उतारावरचा ठोकळा असेल तर त्यावरचे बाण सगळे काढ, घर्षणाचा बाण कुठल्या बाजूला ते बोट ठेवून स्वतःला सांग. पर्याय झाकून सोडव, उत्तर आल्यावरच बघ. संध्याकाळी कागदांचे दोन गठ्ठे कर: आता बरोबर आले ते आणि अजूनही येत नाहीत ते.

बाराच्या वर बरोबर आले तर माझं मत सरळ आहे, एक वर्ष घे. तुला फिजिक्स येतं, पेपरात हात घसरला. पाच-सहाच आले तर गोष्ट वेगळी. मग व्हेक्टर, ग्राफ, साधं डेरिव्हेटिव्ह इथपासून अकरावी पुन्हा करावी लागेल. वर्षात ते होतं, मी होताना पाहिलंय. पण बहुतेक रिपीटर बॅचमध्ये पहिल्या महिन्यापासून टेस्टचा धडाका असतो, मागे वळून अकरावी कोणी शिकवत नाही. तिथे बसून तू पुन्हा 38 सोडवशील आणि पुन्हा 21 चुकवशील. मधला आकडा आला तर तुझ्या झोपेकडे बघ. आत्ताच झोप लागत नसेल तर मे महिन्यापर्यंतच्या रात्री कशा काढशील, याचा विचार घरात मोठ्याने व्हायला हवा.

एक प्रसंग सांगते, त्यात चूक माझी आहे. सिन्नरकडचा एक मुलगा. निकालानंतर त्याची आई पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभी (पेढे बारावीचे, नीटचे नव्हे) आणि मी पेपर न बघता म्हणून गेले, "घ्या एक वर्ष, होईल." जानेवारीत तो वह्यापुस्तकं घेऊन घरी आला. बायोलॉजीचं एनसीईआरटीचं पाठ्यपुस्तक पावासारखं फुगलेलं. पहिल्या वर्षी पिवळा मार्कर, त्यावर गुलाबी, त्यावर हिरवा, मूळ छपाई वाचायची पंचाईत. फिजिक्सची वही उघडली तर बांधणी करकरली, इतकी कोरी. येतं तेच पुन्हा वाचण्यात फार सुख असतं गं. त्या वर्षी त्याचे बायोलॉजीचे थोडे वाढले, फिजिक्स होतं तिथेच राहिलं. तुझे बायोलॉजीत 360 पैकी 80 शिल्लक आहेत आणि फिजिक्समध्ये 180 पैकी 133. वर्ष घेतलंस तर सकाळची पहिली बैठक कशाची ते यावरून ठरव.

फॉर्म मात्र भर, ड्रॉप घेणार असलीस तरी. राज्यातल्या सरकारी कॉलेजांच्या 85 टक्के जागा आपल्या राज्याच्या सीईटी सेलकडून भरतात, 15 टक्के ऑल इंडिया कोट्यातून. नोंदणीची मुदत फार नसते, सेतूच्या रांगेत उभं राहून एखादा दाखला आणेपर्यंत ती संपते. याच मार्कांवर बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपीही आहे. पण प्रेफरन्स भरण्याआधीच, त्या फेरीत मिळालेली जागा सोडता येते का, तो नियम वाच.

मैत्रीण जाते म्हणून बीएएमएस नको. तिला वैद्यकी आवडत असेल तर ती योग्य ठिकाणी चालली आहे. पण तिथे नाव घालून आतून नीटची तयारी करू, हा बेत मला पटत नाही. पहिलं वर्ष म्हणतात ते दीड वर्षाचं असतं, शवविच्छेदन, संस्कृत, हजेरी. दोन्हीकडचं अर्धवट राहतं.

परत एवढेच पडले तर? नीटला वयाची वरची मर्यादा नाही आणि किती वेळा द्यायची यालाही नाही. म्हणूनच लोक चार-चार वर्षं त्यात अडकतात. शिवाय इंजिनिअरिंगच्या जेईई मेनसारखी ती वर्षातून दोनदा होत नाही, मेमधला एक रविवार हुकला की पुन्हा बारा महिने. तेव्हा किती वेळा देणार हे आत्ताच ठरव आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेव. माझ्या मते, आणखी एकदाच. नंतर बीएस्सीला जायचं झालं तरी बारावीचे 78 टक्के कुठे जात नाहीत. गॅपचं प्रतिज्ञापत्र करावं लागेल, एवढंच.

खोलीचंही बघ. दोन वर्षं एकटी राहून 47 आले. पिंपळगावाहून रविवारी टेस्टपुरती नाशिकला आलीस तर काय बिघडेल? बाकीचे सहा दिवस घरचं जेवण मिळेल, आणि आई का बोलत नाही तेही कळेल.

मला कागदांच्या दोन गठ्ठ्यांचे आकडे आणि रँक लिहून पाठव. आणि बाबांना सांग, कांदा विकायची घाई करू नका, रविवार होऊ द्या.