बॅटरी नवी, तरी सकाळी सेल्फ फिरेना

प्रश्न : आमच्याकडे 25 वर्षांचा जुना लहान ट्रॅक्टर आहे. तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन. गेल्या वर्षी पूर्ण खोलून, गंज घासून, नव्यानं रंगवला. त्यानंतर काही महिने बरा चालला. आता रात्रभर उभा राहिला की सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो. नवी बॅटरी घातली, तीही तीन आठवड्यांत बसली. इंजिन चालू असताना चार्जिंगचा लाल दिवा पूर्ण विझत नाही; हेडलाइट लावले की अंधुक पेटलेला दिसतो. मिस्त्री म्हणाले, अल्टरनेटर गेला, बदलून टाका. मूळ बनावटीचा आता मिळत नाही, दुसरा बसवता येईल म्हणतात. मला हातानं काम करायची सवय आहे, पाने आणि मल्टीमीटर घरात आहेत. हे काम स्वतः कसं करावं?

उत्तर : तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : ट्रॅक्टर खोलून नव्यानं रंगवला. त्याकडे येतोच. त्याआधी एक कळकळीची विनंती, अल्टरनेटरच्या (पट्ट्यावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) बोल्टला पाना लावण्यापूर्वी अर्धा तास मल्टीमीटर हातात धरा. माझ्या बाकावर आलेले कितीतरी अल्टरनेटर अगदी धडधाकट होते. बिघाड दुसरीकडेच, ट्रॅक्टरवर राहिलेला असायचा. मालकाला हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटायचं, कारण खर्च होऊन गेलेला असायचा.

जुन्या डिझेल इंजिनाचा डिझेल पंप यांत्रिक असतो, एकदा चालू झालं की त्याला विजेची गरज फारशी नसते. म्हणून चार्जिंग बंद पडलं तरी काम करताना काही जाणवत नाही. दिवे आणि सेल्फ बॅटरीतलं रोज थोडं थोडं उपसत राहतात आणि एका सकाळी ती हात टेकते. मग दोष बॅटरीला लागतो. तुमची नवी बॅटरी बहुधा निर्दोष आहे. ती बाहेर काढून चार्जरवर पूर्ण भरून घ्या, पुढची सगळी मापं भरलेल्या बॅटरीवरच खरी येतात.

काही तास नुसती ठेवलेली भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे साधारण निम्मी रिकामी. आता इंजिन चालू करा, थ्रॉटल मध्यम ठेवा आणि पुन्हा बॅटरीच्याच शिशाच्या खांबांवर मोजा. 13.8 ते 14.4 च्या आसपास आकडा आला तर चार्जिंग होतंय. बाराच्या घरात राहून हळूहळू उतरत गेला तर होत नाही. 15 च्या वर गेला तर कटआउट, म्हणजे रेग्युलेटर बिघडला. तिथे बॅटरीचं पाणी लवकर आटतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो.

पट्टा पाहा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्यानं जोरात दाबल्यावर तो 10-12 मिलिमीटर दबावा. कडा चकचकीत झाल्या असतील, तर तो भार आला की घसरतो, आणि हेडलाइट लावल्यावर दिवा अंधुक पेटणं त्यानंही होतं.

आता रंगाची गोष्ट. अल्टरनेटरच्या मागे जाड वायर येते ती प्लस. मायनससाठी बहुतेक अल्टरनेटरना वायरच नसते. अंगाचं लोखंड आणि अॅल्युमिनियम, ब्रॅकेट, बोल्ट, इंजिन, तिथून चासी आणि जाड अर्थची पट्टी, असा तो रस्ता आहे. तुम्ही ट्रॅक्टर खोलून रंगवला, तेव्हा ब्रॅकेटही रंगवला असणार, त्याच्या बोल्ट बसायच्या जागेसकट. अर्थपट्टीचं थिंबलही (टोकाची धातूची कडी) बहुधा रंगावरच आवळलं गेलं. रंग वीज अडवतो. सुरुवातीला बोल्टच्या पेचांतून जेवढं लोखंड लोखंडाला भिडतं तेवढ्यावर काम चालतं. मग कंपनं आणि ओल त्या चिमूटभर जागेवर गंज धरतात आणि तक्रार सुरू होते. काही महिने बरा चालला, असं तुम्ही लिहिलंय ना, त्यानं माझा संशय आणखी बळावला.

माझ्या हातून हे एकदा घडलं आहे. असाच रंगवलेला लहान ट्रॅक्टर आला होता. मी न मोजता अल्टरनेटर उतरवला, नवे कार्बन (फिरत्या रिंगांना टेकून वीज देणारे ठोकळे) आणि बेअरिंग टाकले, बाकावर फिरवून पाहिला, उत्तम चालला. बसवून दिला. चौथ्या दिवशी मालक परत. पेरणी ऐन भरात, आणि तो माणूस रोज सकाळी चौघांना गोळा करून ट्रॅक्टर ढकलत होता. तेव्हा मीटरची एक टोकणी अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर ठेवली. आकडा दीड व्होल्टच्या पुढे. ब्रॅकेटखालचा हिरवा रंग पॉलिश पेपरनं घासला आणि आकडा पडला. त्या माणसाचे चार दिवस मी वाया घालवले होते, ते मला अजून टोचतं. तेव्हापासून हे माप घेतल्याशिवाय मी पाना उचलत नाही.

तुम्हीही तेच करा. इंजिन मध्यम वेगावर, हेडलाइट चालू. मीटर डीसी व्होल्टवर. अल्टरनेटरचं उघडं अंग ते बॅटरीचा मायनस खांब : 0.2 पेक्षा जास्त नको. मग अल्टरनेटरच्या जाड वायरचा खांब ते बॅटरीचा प्लस खांब : 0.3 पेक्षा जास्त नको. पहिलं माप वाढलं तर अर्थ खराब, दुसरं वाढलं तर प्लसची वायर, थिंबल किंवा मधला फ्यूज. टोकणी थिंबलवर न टेकवता खांबाच्या शिशावर टेकवा, नाहीतर बिघडलेला सांधाच मापातून निसटतो. मीटरच्या वायरी पट्टा आणि पंख्यापासून लांब धरा; बाह्या वर करा, गळ्यात उपरणं नको.

दोन्ही मापं चांगली आली, तरी चार्जिंग नाही? मग लाल दिव्याला विचारा. चावी फिरवली, इंजिन बंद, तर तो लख्ख पेटायला हवा. बऱ्याच अल्टरनेटरांत रोटरला (आत फिरणाऱ्या भागाला) चुंबक करणारा पहिला प्रवाह याच दिव्यातून जातो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर जागाच होत नाही. दिवा लख्ख असेल तर पेचकसाचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. ते ओढलं गेलं तर रोटर, कार्बन आणि तिथवरची वायर ठीक.

तुमचा दिवा इंजिन चालू असताना अंधुक जळतो. दिव्याच्या दोन बाजूंना थोडं कमी-जास्त व्होल्टेज असलं की असं होतं. पट्टा घसरत नसेल तर कारण बहुधा दोहोंपैकी एक : वाटेत खराब सांधा, किंवा आत एखादा डायोड (एसीचा डीसी करणारा भाग) गेलेला. डायोड तपासायला मीटर एसी व्होल्टवर करा आणि चालू इंजिनावर बॅटरीवर टेकवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोड प्लेट बिघडली म्हणायला हरकत नाही. (काही साधे मीटर एसीवर डीसीही मिसळून भलताच आकडा दाखवतात. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून पाहा; तेव्हा शून्य यायला हवं.)

शॉर्ट झालेला डायोड रात्रीही बॅटरी पितो. चावी बंद करून मायनसची केबल सोडवा आणि केबल व खांब यांच्यामध्ये मीटर 10 अँपिअरवर लावा. त्या वेळी सेल्फ चुकूनही मारायचा नाही. जुन्या ट्रॅक्टरवर आकडा जवळजवळ शून्य हवा. अर्धा अँपिअर गळत असेल तर 12 तासांत 6 अँपिअर-तास गेले. अल्टरनेटरची जाड वायर सुटी केल्यावर गळती थांबली, तर मिस्त्रींचं म्हणणं खरं, अल्टरनेटर उतरवा.

उतरवताना पहिलं काम बॅटरीचा मायनस काढणं. जाड वायर चावी बंद असतानाही थेट बॅटरीला जोडलेली असते. पाना तिच्या नटवर असताना दुसरं टोक लोखंडाला लागलं तर पाना लाल होतो आणि बोटं भाजतात. वायरींचा मोबाइलवर फोटो काढा, शिवाय प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नाव लिहा. ताणपट्टीचा बोल्ट ढिला, अल्टरनेटर आत ढकला, पट्टा काढा, मग खालचा लांब बोल्ट. त्यातले वॉशर आणि नळीसारखा स्पेसर कोणत्या बाजूला होते, ते लक्षात ठेवा, पुली त्यांच्यावरच सरळ रेषेत येते.

नवा घेण्याआधी जुना उघडून पाहाच. कार्बन झिजून 5 मिलिमीटरच्या आसपास आले असतील, रिंगा नुसत्या काळ्या असतील, तर कार्बन बदलून आणि बारीक पॉलिश पेपरनं रिंगा पुसून तो बरीच वर्षं जाईल. बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो. डायोड प्लेटही बऱ्याचदा सुटी मिळते. माझं मत विचाराल तर मूळ अल्टरनेटर दुरुस्त होत असेल तर तोच ठेवावा. ब्रॅकेटपासून पुलीपर्यंत तो त्या इंजिनासाठीच बनलेला असतो.

दुसरा घ्यावाच लागला तर जुना बाजूला ठेवून जुळवा : खालच्या कानांची रुंदी, पुलीची जाडी आणि व्यास, फिरण्याची दिशा, 12 व्होल्ट. जास्त अँपिअरच्या मोहात पडू नका. 55 वॅटचा एक हेडलाइट साडेचार अँपिअर घेतो. दोन हेडलाइट आणि कामाचा एक दिवा मिळून चौदा. 35-40 अँपिअरचा अल्टरनेटर लहान ट्रॅक्टरला पुरून उरतो. मोठा बसवला आणि वायर जुनीच ठेवली, तर बॅटरी रिकामी असेल त्या दिवशी ती वायर तापेल. कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लगच्या) पिना वेगळ्या असतील तर खुणा वाचा. एल किंवा डी प्लस म्हणजे दिव्याची वायर, आयजी म्हणजे चावीवरची, डब्ल्यू ही आरपीएमच्या मीटरची. दिव्याची वायर बल्ब वगळून सरळ चावीला जोडू नका. तिथून प्रवाह उलटा चावीकडे जातो, आणि विजेवर चालणारा डिझेल बंद करायचा सोलेनॉइड असेल तर चावी काढूनही इंजिन थांबत नाही.

बसवताना ब्रॅकेटच्या बोल्टखालचा, कानांचा आणि अर्थपट्टीखालचा रंग घासून लोखंड उघडं करा, आवळा, मग वरून व्हॅसलीन चोपडा. पट्टा ताणायला पहार लावायची तर अल्टरनेटरच्या पुढच्या, पुलीकडच्या अंगाला. मधल्या भागाला किंवा मागच्या झाकणाला लावली तर ते तडकतं. प्लस-मायनस दोनदा पाहा, बॅटरी उलटी लागली की डायोड त्याच क्षणी जातात. इंजिन चालू असताना, चार्जिंग होतंय का पाहायला म्हणून, बॅटरीची केबल कधीही काढू नका. ही जुनी खोड अजून चालते. डायनामोच्या काळात ती खपून जायची, अल्टरनेटरचे डायोड आणि रेग्युलेटर तिनं मरतात.

मी तुमच्या जागी असतो तर सगळ्यात आधी पॉलिश पेपर आणि 13 चा पाना घेऊन अर्थपट्टीपाशी गेलो असतो. मापं घेऊन आकडे कळवा, मी वाट पाहतो.

प्रश्न : आमच्या त्याहून जुन्या छोट्या ट्रॅक्टरवर मुठीएवढा डायनामो आहे आणि त्यातून एकाच रंगाच्या फक्त दोन वायरी निघतात. यात प्लस कोणती?

उत्तर : कोणतीही नाही. हा कायम चुंबकाचा डायनामो आहे. दोन्ही वायरींवर एसी येतो, त्या उलटसुलट लागल्या तरी बिघडत नाही. एसीचा डीसी करणारा आणि व्होल्टेज धरून ठेवणारा रेग्युलेटर बाहेर, पत्र्यावर बसवलेला असतो. दोन वायरींचा कपलर सोडवा, इंजिन वेगात ठेवा आणि दोघींमध्ये एसी व्होल्ट मोजा. 20 च्या आसपास किंवा जास्त आले तर डायनामो जिवंत आहे, रेग्युलेटर, त्याचा अर्थ आणि त्याला चावीतून येणारी वायर तपासा. एसी आलाच नाही, तर इंजिन बंद करून प्रत्येक वायर आणि डायनामोचं अंग यांच्यात जोड दाखवते का पाहा. दाखवली तर आतली कॉइल जळून अंगाला लागली आहे.