'नाइट' (knight, मध्ययुगीन युरोपातला मानाचा योद्धा) या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ घोडेस्वार असा आहे का?

नाही, या शब्दाच्या मुळाशी घोडा नाही, पोऱ्या आहे. जुन्या इंग्रजीत तो 'क्निख्ट' असा उच्चारत आणि अर्थ आपल्या 'पोऱ्या'सारखाच दुहेरी: मुलगा आणि हाताखालचा नोकर. बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात येशूच्या शिष्यांना 'लेओर्निंग-क्निख्ट', म्हणजे शिकणारे पोरगे, म्हटलंय. जर्मनमधला सख्खा भाऊ 'क्नेख्ट' गडी-नोकरच राहिला. तिथे योद्ध्याला 'रिटर', म्हणजे स्वार, म्हणतात. फ्रेंच 'शेव्हालिए' मात्र थेट घोड्यावरून आलाय. 1066 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर तिथे राजाच्या वा सरदाराच्या पदरी असलेल्या सशस्त्र चाकराला 'क्निख्ट' म्हणू लागले. पुढे चाकरी मागे पडली, मान उरला, आणि आज तर नाइटपद, म्हणजे 'सर' हा किताब, मिळायला तलवार चालवावीही लागत नाही. स्पेलिंगमधली मुकी अक्षरं (k आणि gh) त्या जुन्या उच्चाराची खूण आहेत.

एक काळजी घ्या: भाषांतरात सरसकट 'शिलेदार' लिहू नका. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येणारा (सरकारी घोड्यावरचा तो बारगीर); नाइटपद विधीपूर्वक बहाल होतं.