रोबोटिक्स मॅचमध्ये समोरच्या टीमने आमचा रोबोट धक्का देऊन उलटवला. हा फाउल नाही का?

धक्का देणं फाउल नाही, मुद्दाम उलटवणं मात्र आहे. फर्स्ट आणि व्हेक्स या दोन्ही शालेय स्पर्धांच्या नियमपुस्तिकांत रोबोट एकमेकांवर आदळणार हे गृहीतच धरलेलं असतं. वाट अडवणं हा तर डावपेचच (कबड्डीत पकड असतेच की). बंदी आहे ती जाणूनबुजून उलटवण्याला, मोडतोडीला आणि ठरावीक सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरण्याला. व्हेक्समध्ये शंका असेल तर कौल चढाई करणाऱ्याला मिळतो, बचाव करणाऱ्याला नाही. म्हणून त्या क्षणी तुमचा रोबोट गुण घेत होता की अडवत होता, ते आधी आठवा. लिफ्ट (रोबोटचा वस्तू उचलणारा भाग) पूर्ण वर असताना रोबोट साध्या धक्क्यानेही कलंडतो, आणि तो बहुधा अपघातच धरला जातो. दाद मुलांनीच मागायची, तीही रेफरीकडे, मॅचनंतर लगेच. पालकांनी किंवा कोचने मध्ये पडलेलं चालत नाही. पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमधल्या रोबोवॉर्सना यातलं काही लागू नाही, तिथे समोरच्याला मोडणं हाच खेळ आहे.