घरी केलेले हॅश ब्राऊन (किसलेल्या बटाट्याच्या टिक्क्या) फ्रीझरमध्ये काळे पडतात आणि तव्यावर मोडतात. काय चुकत असावे?

तुम्ही लिहिले आहे की रविवारी बटाटे किसून, पिळून, टिक्क्या थापून फ्रीझरमध्ये ठेवता, बुधवारपर्यंत त्या करड्या-काळ्या होतात आणि तव्यावर टाकल्या की विस्कटतात. शेवटी असेही विचारले आहे की सकाळच्या घाईसाठी एवढा खटाटोप करावा की सरळ विकतच्या गोठवलेल्या टिक्क्यांचे खोके आणावे. चूक मुळात एकच आहे : तुम्ही कच्चा बटाटा गोठवत आहात. हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे, आणि तीही माझ्या थोरल्या भावाच्या डोळ्यांदेखत.

आम्ही अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबस शहरात राहतो. पत्नीची रुग्णालयातली पाळी सकाळी सहाला सुरू होत असल्याने मुलांची न्याहारी माझ्याकडे असते आणि शाळेची बस सात वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यावर येते. 2017 च्या एप्रिलमध्ये दादा आणि वहिनी कराडहून सहा आठवड्यांसाठी आले होते. दादा निवृत्त मुख्याध्यापक असल्यामुळे घरातल्या कोणत्याही विषयावर शेवटचे वाक्य त्याचे असते. नायगारा पाहून परतताना ईरी शहराच्या अलीकडे महामार्गालगतच्या एका उपाहारगृहात आम्ही थांबलो आणि मांसाहार नको म्हणून त्याच्यासाठी हॅश ब्राऊन मागवले. त्याने दोन बशा संपवल्या. आम्ही स्वयंपाक्याच्या समोरच्याच बाकावर बसलो होतो. त्या माणसाने दुधाच्या खोक्यासारखे एक खोके उघडले, त्यात गरम पाणी ओतले, काही वेळाने त्यातला फुगलेला कीस तापलेल्या पत्र्यावर पसरला आणि सपाट उलथन्याने दाबला. दादा हे सगळे निरखून पाहत होता आणि कौतुकाने म्हणाला, ‘‘अरे, हा तर आपला वाळवणाचा कीस!’’ हे त्याचे वाक्य लक्षात ठेवावे, कारण तो स्वतः ते विसरला.

एवढे आवडले आहे तर आपण घरीच करावे, या उत्साहात मी त्या रविवारी पाच पौंड रसेट (इथला पिठूळ जातीचा) बटाटे कच्चेच किसले, पंच्यात घालून पिळले, टिक्क्या केल्या आणि एका डब्यात एकावर एक रचून फ्रीझरमध्ये ठेवल्या. मध्ये कागद घालण्याचेही सुचले नाही. मंगळवारी सकाळी डबा उघडला तेव्हा टिक्क्या अशा राहिल्याच नव्हत्या, त्यांची एक पाटीच्या रंगाची वीट झाली होती. सुरीच्या मुठीने ठोकून मी तिचे तुकडे केले. ते तव्यावर पाणी सोडून पसरले, मुलांनी एकमेकांकडे पाहिले, आणि त्या दिवशी दोघेही नुसते दूध पिऊन बसमध्ये चढले. दादा चहाचा कप हातात घेऊन ओट्याशी उभा होता. तो मुलांसमोर म्हणाला, ‘‘याला आपल्याकडे शिळं म्हणतात. आईने आपल्याला असलं कधी खाऊ घातलं नाही.’’ मला काळ्या टिक्क्यांपेक्षा हे दुसरे वाक्य अधिक लागले, आणि खरे सांगायचे तर हे उत्तर मी त्या वाक्यासाठीच लिहीत आहे.

वहिनी मात्र ती वीट पाहून एवढेच म्हणाल्या, ‘‘भावजी, किसाला उकळी काढली नव्हतीत का?’’

सगळे शास्त्र या एका प्रश्नात आहे. बटाटा किसला की पेशी फुटतात, त्यांच्यातले पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) हवेच्या संपर्कात येते आणि कीस आधी गुलाबी, मग तपकिरी, मग काळपट होत जातो. थंडीने हे विकर मरत नाही, त्याचे काम केवळ मंदावते. मरते ते उष्णतेने. शिवाय घरच्या फ्रीझरमध्ये पदार्थ सावकाश गोठतो, त्यामुळे कच्च्या बटाट्यातल्या पाण्याचे मोठमोठे स्फटिक होतात, ते उरलेल्या पेशी फोडतात, आणि तव्यावर बर्फ वितळला की टिक्की पाणी सोडून विस्कटते. आमची आई एप्रिल-मेमध्ये कीस वाळत घालण्यापूर्वी मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यातून तुरटीचा खडा तीन वेळा फिरवून काढत असे, मग मीठ घालून कीस टाकत असे आणि तो जरा पारदर्शक दिसू लागला की रोवळीत उपसत असे. विकराचे नाव तिला ठाऊक नव्हते, पण त्याचा बंदोबस्त ती करत होती. विकतच्या टिक्क्यांच्या खोक्यावर डायसोडियम पायरोफॉस्फेट असे जे लिहिलेले असते, तेही बटाट्याचा रंग काळवंडू नये म्हणूनच घातलेले असते. वहिनींनी ते वाचून घेतले आणि ‘‘म्हणजे यांची तुरटी’’ असा निकाल दिला.

म्हणून आईने असले कधी खाऊ घातले नाही, हे दादाचे म्हणणे मला मान्य नाही. वैशाखात वाळवलेला कीस श्रावणात तळून आम्ही दोघांनी खाल्लेला आहे, आणि तीन महिने डब्यात राहिलेल्या त्या किसाला घरात कोणी शिळा म्हटले नाही. टिकवण्यासाठी पाणी काढून घ्या किंवा ते गोठवून टाका, हेतू एकच असतो. पेरू आणि बोलिव्हियाच्या उंच पठारांवरचे लोक तर शतकानुशतके बटाटे रात्रीच्या थंडीत गोठू देतात, पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. त्याला चुन्यो म्हणतात आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. बटाटा मूळचा त्यांचाच असल्यामुळे या बाबतीत कराडच्या माणसाने त्यांना शिकवू नये.

आता कृती. वहिनींच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या खेपेस आम्ही कीस उकळत्या पाण्यात तीन मिनिटे टाकून उपसला. टिक्क्या काळ्या पडल्या नाहीत, हे खरे, पण किसाने पाणी धरले आणि त्या मऊच राहिल्या. वाळवणात ते पाणी उन्हाने जाते, फ्रीझरमध्ये ते तिथेच राहते, त्यामुळे इथे माझा वहिनींशी मतभेद आहे आणि तो त्यांना ठाऊक आहे. बटाटा अख्खा, सालासकट, अर्धवट उकडावा. थंड मिठाच्या पाण्यात मध्यम आकाराचे बटाटे घालून उकळी आल्यावर बारा ते पंधरा मिनिटे ठेवा. सुरीचे टोक बोटाच्या पेराएवढे सहज आत जावे आणि मध्याशी अडखळावे, तिथे थांबा. त्यांवर गार पाणी ओतू नका, कारण मधला भाग आतल्या वाफेवरच पुढे शिजतो. पंख्याखाली निववून रात्रभर फ्रिजमध्ये न झाकता ठेवा. ही रात्र वगळू नका, कारण शिजलेला स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट होतो. दुसऱ्या दिवशी साल बोटांनी निघते, मोठ्या भोकांच्या किसणीवर कीस शेवयांसारखा सुटा पडतो आणि दाबला की पिठाशिवाय, अंड्याशिवाय धरून राहतो. जे लोक यात मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घालायला सांगतात, त्यांनी ही रात्र वगळलेली असते.

मीठ-मिरी लावून मी लोणच्याच्या बरणीच्या झाकणात प्लास्टिकचा कागद अंथरून सत्तरएक ग्रॅमची, अर्धा इंच जाडीची टिक्की दाबतो. ताटात कागदावर टिक्क्या एकमेकींना न चिकटतील अशा मांडून तीन तास गोठवायच्या आणि मगच पिशवीत भरून हवा दाबून काढायची. दहा पौंडांच्या पोत्यातून पन्नासच्या आसपास होतात. सकाळी त्या वितळू न देता थेट तापलेल्या बिडाच्या तव्यावर दोन चमचे तेलात टाकायच्या, मध्यम आचेवर एका बाजूला पाच-सहा मिनिटे लागतात, आणि कडा तांबूस होईपर्यंत उलथने लावायचे नाही. तुमच्या टिक्क्या मोडण्यामागे उतावीळपणाचाही वाटा असावा. घाई असेल तर 220 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये, वर तेलाचा हात फिरवून, वीस ते पंचवीस मिनिटे ठेवाव्या आणि मध्येच एकदा उलटाव्या. तेवढ्यात डबे भरून होतात.

बटाटा कोरडा आणि पिठूळ हवा. अमेरिकेत रसेट घ्यावा. लाल सालीचा चिकट बटाटा भाजीला चांगला, याला नाही. तुम्ही कुठे राहता ते प्रश्नात नाही, पण महाराष्ट्रात असाल तर भाजीवाल्याकडे वेफर्सचा बटाटा मागावा, कुफ्री चिपसोना ही जात मिळाल्यास उत्तम, आणि पातळ सालीचा नवा बटाटा टाळावा. कच्चे बटाटे मात्र फ्रिजमध्ये साठवू नयेत, कारण थंडीत त्यांतल्या स्टार्चची साखर होते आणि ते आत शिजण्याआधी बाहेरून करपतात. वर सांगितलेली फ्रिजमधली रात्र उकडलेल्या बटाट्यांसाठी आहे, याची गल्लत करू नका.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. कांदा मिसळून गोठवू नका, तो पाणी सोडतो. उणे 18 अंशांना जंतू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत, म्हणून एकदा वितळलेली टिक्की पुन्हा गोठवू नये, आणि जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे एवढा साठा करण्यात अर्थ नाही. दोन-तीन महिन्यांनंतर त्या बिघडत नाहीत, पण कडा कोरड्या होतात आणि फ्रीझरचा वास लागतो. रोज खाण्याचा हा पदार्थ नव्हे, आठवड्यातून दोनदा पुरे.

दादाने उरलेले चार आठवडे पोहे खाल्ले. अजूनही दर गुढीपाडव्याला फोनवर ‘‘शिळं खाणं चालू आहे ना?’’ असे विचारतो, आणि मागून वहिनींचा आवाज येतो की त्यांनी परवाच वाटाणे सोलून, वाफवून फ्रीझरमध्ये टाकले आहेत.

विकतचे आणावे का, हे तुम्ही विचारले होते. पैशांचा फरक फार पडत नाही, आणि एका रविवारचे दोन तास, शिवाय आदल्या रात्रीची आठवण, एवढे त्यात जातेच. मिठाचे प्रमाण आपल्या हाती राहते, हा एक खरा फायदा आहे. ज्या महिन्यात मला वेळ नसतो त्या महिन्यात आमच्याही फ्रीझरमध्ये विकतचे खोके असते, फक्त दादा व्हिडिओ कॉलवर असेल तर मी त्याच्यासमोर फ्रीझर उघडत नाही.