लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनातलं जुनं हॉटेल बंद का पडलं? ते दुरुस्त कसं केलं, आणि जुन्या विटांच्या घराला त्यातलं काय लागू पडेल?

माझ्या मते त्या हॉटेलला बाथरूमनी बुडवलं. 1873 मध्ये मिडलँड ग्रँड हॉटेल उघडलं तेव्हा सुमारे 300 खोल्या होत्या, पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट होती, बाथरूम मात्र बोटांवर मोजण्याइतकी. नोकर खोलीत टब मांडायचे, गरम पाणी वर आणायचे. पुढे गिऱ्हाईक खोलीला लागून बाथरूम मागू लागलं, आणि इथे आग पसरू नये म्हणून मजल्यांच्या जमिनी जाड काँक्रीटच्या. प्रत्येक पाइपासाठी तोडफोड. 1935 मध्ये हॉटेल बंद झालं. मग तिथे रेल्वेची कार्यालयं आली. 1980च्या दशकात अग्निसुरक्षेच्या नियमांमुळे तीही हलली. 1967 मध्ये ग्रेड वन वारसा दर्जा (ब्रिटनमधलं जुन्या इमारतींचं सर्वोच्च संरक्षण) मिळाला नसता, तर इमारत उरली नसती.

2011 मध्ये हॉटेल पुन्हा उघडलं. खरी अक्कल आराखड्यात आहे: 245 खोल्यांपैकी फक्त 38 जुन्या इमारतीत, बाकीच्या त्याच धाटणीच्या विटांच्या नव्या भागात, वरच्या मजल्यांवर 67 फ्लॅट. जुन्या तिकीटघरात बार. (मूळ इमारतीचे वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबईचा राजाबाई टॉवरही त्यांचाच.)

तुमच्या घरालाही हेच: नवं बाथरूम जुन्या भिंती फोडून बसवू नका, मागे जोडून काढा.

विटांचं म्हणाल, तर सर्वांत मोठी चूक म्हणजे सिमेंटने दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरणं. भिंतीतला ओलावा चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडतो. सांधा सिमेंटने बुजला की ओलावा विटेतून वाट काढतो, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि विटेचा पापुद्रा सुटतो. सिमेंट जसंच्या तसं, वीट मात्र भुगा.

जुना मसाला सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत छिन्नीने काढा. ग्राइंडर लावलात तर विटेच्या कडा जातात. धूळ झाडून सांधा ओला करा, पण पाणी साचू देऊ नका. एक भाग हायड्रॉलिक चुना (पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा), तीन भाग धुतलेली वाळू, मसाला घट्टसर. भरून झाल्यावर ओलं गोणपाट टांगा आणि निदान आठवडाभर सुकू देऊ नका. भर उन्हात घाईने सुकलेला चुना नखाने खरवडला तरी पीठासारखा गळतो. तेवढा भाग काढून पुन्हा भरावा लागतो.